टकटकबाईंची माफी

घण्या गेला तेव्हा लिफ्टवाला एका दवाखान्याच्या लिफ्टच्या टपावर उभा होता. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. खिशातला फोन सारखा थरथरत होता आणि काढता येत नव्हता, म्हणून त्याला वाटलं, आई गेली.

मग त्याने चिंधीला हात पुसले आणि फोन काढला. आई नव्हती. घण्या होता.

आई गेली असं वाटलं तेव्हा त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं होतं. घण्या गेला हे वाचल्यावर तो तिथेच तेलकट टपावर बसला आणि आईसाठी राखून ठेवलेलं सगळं रडला. खालून वॉर्डबॉय ओरडत होता, "अहो मिस्त्री, पेशंट खोळंबलाय. का जिन्याने नेऊ?"

"जिन्याने ने," लिफ्टवाला म्हणाला.

•

घण्या म्हणजे ड्रमर. बँडमधले बाकीचे बदलत गेले. गाणारा दोनदा बदलला, गिटारवाला देवभोळा होऊन निघून गेला, पण मागे ड्रमवर घण्याच. घणासारखे हात, म्हणून घण्या. केस गेले, पोट सुटलं, गुडघे गेले, हात तसेच. बाथरूममध्ये पाय घसरून गेला. चाहत्यांना हे कारण पसंत पडलं नाही. वाजवता वाजवता गेला असता तर बरं दिसलं असतं, असं बऱ्याच जणांनी लिहिलं.

•

कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी दिवे मंद व्हायचे. घण्या काठ्या मांडीवर ठेवून माईक जवळ ओढायचा. मग हे व्हायचं:

घण्या : शाळेत आम्हाला एक बाई होत्या.

लोक : टकटकबाई.

घण्या : हातात काय असायचं?

लोक : पट्टी.

घण्या : पट्टीने काय करायच्या?

लोक : टक. टक. टक. टक.

घण्या : मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. दोन्ही हात धरले, असे. आणि काय म्हणाल्या?

लोक : तुझ्या हातांना कान नाहीत.

घण्या : ऐकू नाही आलं.

लोक : तुझ्या हातांना कान नाहीत.

मग सगळं सभागृह मिळून एक लांब "हूऽऽऽ" करायचं. घसा फाटेपर्यंत. म्हातारीच्या नावाने. आणि तो हू संपायच्या आत घण्या मोठ्या ड्रमवर पाय मारायचा, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं कोणी कोणाचं नसायचं.

लिफ्टवाल्याने हा हू अनेकदा केला होता. गर्दीत, मधोमध, मानेच्या शिरा ताणून. टकटकबाई त्याची आई होती.

•

आता वर्गात काय झालं ते.

आई त्याच शाळेत संगीत शिकवायची. शाळेच्या फाटकाच्या आत तिला 'आई' म्हणायला बंदी होती, 'बाई' म्हणायचं. एकदा चुकून तोंडातून 'आई' गेलं तेव्हा ती म्हणाली होती, "इथे तुला आई नाही." मुलं बरेच दिवस हसली.

त्या दिवशी एकेकाने उठून टाळीत ताल धरायचा होता. बाई पट्टीने टेबलावर टकटक करणार, मुलाने तिच्या मधल्या जागा भरायच्या. मागच्या बाकावर दोघं. एक तिचा मुलगा, दुसरा एका गवंड्याचा, दणकट, केसात सिमेंट. मुलाची पाळी आली. तो चुकला. परत सुरू केलं, परत चुकला. तिसऱ्यांदा तो चुकायच्या आधीच बाई उठली, त्याचे दोन्ही हात धरून वर केले, वर्गाला दाखवले आणि म्हणाली, "याच्या चेहऱ्याला कान आहेत. हातांना नाहीत." मग त्याच्याकडे वळून, शांतपणे, "तुझ्या हातांना कान नाहीत. खाली बस आणि परत कधी वाजवू नकोस. सगळ्यांचं बिघडतं."

गवंड्याचा मुलगा सगळ्यांत मोठ्याने हसला. मग त्याची पाळी आली. त्याने सगळं बरोबर वाजवलं. बाई "बरं" म्हणाली आणि पुढच्या मुलीकडे वळली.

एवढंच.

पुढे कित्येक वर्षांनी लिफ्टवाला एका हॉटेलात लिफ्ट दुरुस्त करत होता आणि स्वागतकक्षातल्या टीव्हीवर घण्याची मुलाखत चालू होती. घण्या डोळे पुसत सांगत होता, बाईंनी माझे दोन्ही हात धरले. लिफ्टवाला पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता. पण वाटलं असं, की जे ओझं तो एकटाच जिन्यावरून वर नेत होता त्याचं एक टोक कुणीतरी धरलं.

'परत कधी वाजवू नकोस' हे त्याने बाईचं म्हणून पाळलं होतं. तो टाळ्याच वाजवायचा नाही. वाढदिवसाला, लग्नात, निरोप समारंभात, सगळे वाजवतात तेव्हा तोही हात हलवायचा, पण तळव्याला तळवा लागू द्यायचा नाही. मध्ये एक कागद राहील एवढं अंतर. लग्न झाल्यावर बायकोच्या हे लक्षात आलं. तिने विचारलं, त्याने सांगितलं, ती पोट धरून हसली, मग एकदम गप्प झाली. तेव्हापासून ती सासूच्या ताटात मीठ जरा जास्तच घालते.

•

घण्याला तो एकदा भेटला. मालाच्या लिफ्टमध्ये.

सभागृहाची लिफ्ट अडकत होती, म्हणून ड्रमच्या पेट्या वर जाईपर्यंत मिस्त्रीने आत उभं राहायचं ठरलं. शेवटच्या फेरीला पेट्यांबरोबर घण्याही आला. दार बंद झालं. घण्याने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे.

"अरे. बाईचा तू."

"हो."

"अजून तिच्याजवळच राहतोस?"

"ती माझ्याजवळ राहते."

"एकच ते." घण्या पेटीवर बसला. "चिडलायस का?"

"नाही."

"किस्सा तुझा होता, मला माहितीय. पण मला बाईने काहीच म्हटलं नाही रे. नुसतं 'बरं' म्हणाली. 'बरं'वर लोक रडतात का? तूच सांग."

लिफ्ट कुरकुरत चढत होती.

"तुला परत पाहिजे असेल तर घे," घण्या म्हणाला. "आज सांगतच नाही. पण तू काय करणार त्याचं? तुला स्टेज आहे?"

"नको. राहू दे."

"बघ. नंतर म्हणशील दिला नाही."

दार उघडलं. घण्याने जाता जाता त्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि लिफ्टच्या पत्र्यावर सही केली. त्या रात्रीचा हू सगळ्यांत लांब झाला. लिफ्टवाला जिना चढून वर, बाल्कनीतल्या रांगेत जाऊन उभा होता आणि तोही ओरडला.

•

चाहत्यांच्या ग्रुपचं नाव : हातांना कान.

गाडीमास्तर : मित्रांनो, रविवारी काय करायचं?

(गाडीमास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. ग्रुपही तोच चालवतो आणि दुसऱ्याला ब्रेक दाबू देत नाही.)

दातवाली : मेणबत्त्या नकोत. सगळेच मेणबत्त्या लावतात.

(दातवाली दंतवैद्याकडे मदतनीस. मनगटावर ते वाक्य गोंदलेलं. ग्रुपमध्ये सगळ्यांत जास्त रडणारी.)

गाडीमास्तर : शेवटचा हू झाला पाहिजे.

दातवाली : पण कोणासमोर? तो तर गेला

एक जण : टकटकबाई कधीच खपली असेल ना

दुसरा : अशा खपत नाहीत

तळमजला : जिवंत आहे.

तळमजला हा लिफ्टवाला. ग्रुपमध्ये तो इतकी वर्षं होता आणि 'खूप छान', 'वा' याच्या पलीकडे काही बोलला नव्हता. आता एकदम सगळे त्याच्यावर तुटून पडले. कुठे? तुला कसं माहीत? नक्की तीच?

तळमजला : नक्की तीच.

आणि त्याने पत्ता टाकला. स्वतःच्या घराचा.

गाडीमास्तर : शाब्बास तळमजला. माफी मागितल्याशिवाय हलायचं नाही.

ते वाचून लिफ्टवाल्याला, खरं सांगायचं तर, गोड वाटलं. त्याचा हिशोब सरळ होता. आई त्याच्यासाठी कधीही "मी चुकले" म्हणणार नाही. गर्दीसाठी म्हणेल. आणि म्हणताना तिला आठवेल की ते हात कोणाचे होते. म्हातारी खोटं बोलत नाही, हा तिचा सगळ्यांत वाईट गुण. ती सगळ्यांसमोर म्हणेल, त्याला नव्हते म्हणाले, माझ्या मुलाला म्हणाले होते, आणि चुकले. घण्या मेल्यामुळे आता तो किस्सा परत घ्यायला हरकत नव्हती. स्टेज दारात येणार होतं.

•

"त्यांना फक्त दोन शब्द हवेत," तो बायकोला म्हणाला.

ती पडद्याला अस्तर लावत होती. तोंडात टाचण्या. "त्यांना, की तुम्हाला?"

"माझं काय त्यात."

"अहो, तुमच्या आई आहेत त्या. गर्दी बोलावलीत घरावर. उद्या कोणी दगड मारला तर काच मी बदलायची का तुम्ही?"

"तसले लोक नाहीत ते."

"तसले म्हणजे कसले? आईच्या नावाने शिमगा करायला तुम्ही जाता ना त्यांच्यात? मग तसलेच." तिने टाचणी टोचली. "दोन शब्द म्हणे. या बाईने मला 'पाणी दे'सुद्धा नीट म्हटलेलं नाही. 'पाणी' म्हणते. 'दे' मी समजून घ्यायचं."

आतून आवाज आला, "मला ऐकू येतं."

"माहितीय आई," सून म्हणाली. "म्हणूनच बोलतेय."

•

म्हातारीला जवळजवळ दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पांढरं. ऐकू मात्र इतकं येई की घरात कोणाला खोकलाही लपवता येत नसे. खुर्चीच्या हातावर तिचं बोट दिवसभर चालू असे, टक, टक. सुनेला ती म्हणायची, तुझी डावी चप्पल मागे राहते. नळाला म्हणायची, सरळ गळ तरी. इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे ती दुसऱ्या मजल्यावरून बरीच वर्षं खाली उतरली नव्हती. मुलगा दुनियेला वर-खाली नेतो आणि आईला वरच ठेवतो, हे ती येईल त्याला ऐकवायची.

शनिवारी तो तिची नखं कापत होता.

"आई, माझ्या वर्गातला तो गवंड्याचा मुलगा आठवतो?"

"नाही."

"माझ्या शेजारी बसायचा. मोठा ड्रमर झाला. तो गेला."

"काय वाजवायचा?"

"ड्रम."

"ते कळलं. कसं?"

"चांगलं."

"मग नसेल आठवत. चांगली मुलं आठवणीत राहत नाहीत. त्यांना काही सांगावं लागत नाही."

कात्री थांबली. "कोणाला सांगावं लागलं ते आठवतं?"

"हात हलतोय तुझा," आई म्हणाली. "कातडी कापशील."

•

रविवारी दुपारी ते आले. आधी थोडे, पानाच्या टपरीशी उभे राहावं तसे अवघडून. मग बरेच. काळे शर्ट, छातीवर ते वाक्य. काही जणांच्या हातात काठ्या, काही जणांच्या हातात घरून आणलेले डबे नि तवे. पोटं सुटलेले बाप, केस रंगवलेल्या आया. एका बाईने कुत्र्यालाही काळा शर्ट घातला होता. समोरचा किराणावाला शटर अर्धं ओढून मजा बघत होता.

मग गाडीमास्तरने हात वर केला आणि पहिला हू झाला. खिडकीची तावदानं वाजली.

"हे काय?" म्हातारीने विचारलं.

"तुला मान द्यायला आलेत, आई. तुझ्या विद्यार्थ्यासाठी."

ती ऐकत राहिली. "उजवीकडचे आधी सुरू करतात. आणि मान देताना असं कोणी ओरडत नाही. मी आंधळी आहे, येडी नाही."

दार वाजलं. सुनेने उघडलं. गाडीमास्तर आणि दातवाली. दोघांनी चपला बाहेर काढल्या. ही माणसं म्हातारीचा सूड घ्यायला चपला काढून आत येत होती.

"नमस्कार आजी," गाडीमास्तर म्हणाला. "आम्ही घण्याचे."

"नातेवाईक?"

"त्याहून जवळचे," दातवाली म्हणाली आणि रडायला लागली.

"हिला पाणी दे," म्हातारी सुनेला म्हणाली. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो 'दे' परक्यासाठी निघाला होता.

"आजी, वेळ घेत नाही. एकच वाक्य पाहिजे," गाडीमास्तर म्हणाला. "तुम्ही एका माणसाला म्हणाला होता की त्याच्या हातांना कान नाहीत. तो माणूस त्या हातांनी दुनिया हलवून गेला. आता तुम्ही बाल्कनीत येऊन 'मी चुकले' म्हणायचं. तेवढं म्हटलं की आम्ही निघालो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही आहोत इथेच. रोज आठ तास. मला गिऱ्हाइकं कमीच असतात हल्ली."

दातवालीने मनगट पुढे केलं. "बघा आजी, तुमचंच वाक्य." म्हातारीने बोट फिरवलं. कातडीवर काही लागलं नाही. "पुसून टाक," ती म्हणाली.

"निघत नाही ते."

"मग धू."

गाडीमास्तरने फोनवर घण्याचं शेवटचं वादन लावलं आणि तिच्या कानाशी धरलं. म्हातारीचं बोट खुर्चीवर पडायला लागलं. सगळी खोली त्या बोटाकडे बघत होती. सुनेची शिवण थांबली. बराच वेळ गेला. मग बोट थांबलं, आणि फोनमधला घण्या तिच्या बोटाशिवाय वाजवत राहिला.

"हात चांगले आहेत," म्हातारी म्हणाली. "याला मी असं कशाला म्हणेन?"

लिफ्टवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. हाच क्षण होता. "पण ते वाक्य तू म्हणाली होतीस ना, आई?"

"म्हणाले होते."

"मग कोणाला?"

म्हातारीने तोंड त्याच्या दिशेला वळवलं. पांढऱ्या डोळ्यांनी ती नेमकी त्याच्या हातांच्या उंचीवर बघत होती.

"ज्याला म्हणायचं होतं त्याला," ती म्हणाली. मग गाडीमास्तरला, "चला. कुठे यायचंय?"

•

बाल्कनीत एका बाजूने गाडीमास्तर, एका बाजूने मुलगा, मागे दातवाली. खाली हू चालू. तव्यांवर काठ्या. कुत्रं भुंकत होतं. फोन वर झालेले, सगळीकडे फोन. गाडीमास्तरने तिच्या तोंडाशी भोंगा धरला.

"गप्प," म्हातारी म्हणाली.

आणि ते गप्प झाले. एवढाले बाप, एवढाल्या आया. कुत्रंसुद्धा. कोणाला तरी हुंदका आला, त्याने तो गिळला. सगळ्या रस्त्याची एकदम शाळा झाली.

"सरळ उभे राहा. तुमचा माणूस गेला. मी आत्ता त्याचं ऐकलं. त्याला मी म्हणाले होते असं तुम्ही म्हणता, की त्याच्या हातांना कान नाहीत."

खाली कोणी हललं नाही.

"मी चुकले. त्याच्या हातांना चांगले कान होते. एवढा ताल मी फार थोड्या मुलांत पाहिला. त्याला मी शाबासकी द्यायला हवी होती, ती आज देते."

दातवाली बाल्कनीतच खाली बसली. रस्त्यात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. एकाने शर्ट काढून आकाशाकडे धरला. लिफ्टवाल्याने आईचा कोपर धरला होता आणि त्याला अजून वाटत होतं, ती श्वास घेतेय. पुढचं येतंय. आता म्हणेल, आणि माझा मुलगा. आता.

ती म्हणाली, "झालं. जा आता घरी."

म्हणून त्याने भोंगा ओढून घेतला.

"ते वाक्य," तो म्हणाला. स्वतःचा आवाज इतका मोठा त्याने कधी ऐकला नव्हता. "ते वाक्य त्याला म्हटलं नव्हतं. मला म्हटलं होतं. मी शेजारी बसायचो. घण्या हसत होता."

सगळे वर बघायला लागले.

"तू कोण रे?" खालून कोणी विचारलं.

"मी तिचा मुलगा. मी तळमजला. ग्रुपमधला."

मग एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "आज तरी सोडा हो त्याला. मेलेल्या माणसाचा मोठेपणा चोरता?" आणि पाठीमागून कोणीतरी सुरुवात केली. हूऽऽऽ. उजवीकडून आला, डावीकडून आला. म्हातारीला केला त्याहून मनापासून केलेला हू. तो त्यातला प्रत्येक आवाज ओळखत होता. याच लोकांबरोबर तो वर्षानुवर्षं ओरडला होता. गाडीमास्तरने त्याच्या हातून भोंगा काढून घेतला, शिकाऊ पोराच्या हातून स्टिअरिंग काढावं तसा.

आणि हू संपायच्या आत तव्यांवर काठ्या पडल्या. घण्याच्या शेवटच्या गाण्याचा ठेका. डबे, टाळ्या, पाय. सगळा रस्ता वाजवायला लागला. शेजारच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांत येऊन वाजवायला लागले. दारात उभी राहून सूनसुद्धा, आपलं बोट चौकटीवर. आणि लिफ्टवाल्याला कळायच्या आत त्याचे तळवे एकमेकांवर आपटले. मधला कागद गेला. त्याने परत आपटले. त्याला आपल्याच टाळीचा आवाज नवा होता. तो रडत होता आणि वाजवत होता. गर्दी त्याला हू करून विसरूनही गेली होती. आता तो गर्दीतलाच एक, त्यांच्याइतकाच बरोबर. निदान त्याला तसं वाटत होतं.

म्हातारीने मान तिरकी केली. मग हवेत चाचपडत तिने त्याचे हात शोधले, आधी एक, मग दुसरा, आणि दोन्ही मनगटं घट्ट धरली. धरून वर केली.

खाली जल्लोष झाला. फोन चमकले.

"थांब," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "सगळ्यांचं बिघडतंय."

•

गर्दी पांगल्यावर किराणावाल्याने शटर पूर्ण उघडलं. सुनेने बाल्कनी झाडली. कोणीतरी ठेवलेली एक काठी सापडली, ती तिने पडद्याच्या दांडीला पुरते का बघितली.

लिफ्टवाला आईसमोर जमिनीवर बसला होता.

"तुला आठवत होतं."

"हो."

"सगळं?"

"तुला ताप होता त्या दिवशी. तरी शाळेत आणलं होतं. तापामुळे चुकतोयस की मुळातच, ते बघायचं होतं."

"मग?"

"नंतरही बघितलं की. आजही बघितलं."

तिचं बोट खुर्चीवर चालू होतं.

"त्याच्यासाठी खोटं बोललीस. त्याला तू काहीच म्हटलं नव्हतंस आणि सगळ्यांसमोर चुकले म्हणालीस. आई, तू कधी खोटं बोलत नाहीस."

"तो मेलाय. त्याला काय फरक पडतो? त्या लोकांना बरं वाटलं, घरी गेले."

"आणि मला?"

म्हातारीला प्रश्न कळला नसावा असं आधी वाटलं. पण तिला ऐकू यायचं सगळं.

"तुला अजून जगायचंय," ती म्हणाली. "तुला खोटं सांगून कसं चालेल?" मग, सुनेच्या दिशेला, "पाणी."

सून उठली नाही. लिफ्टवालाच उठला.

•

ग्रुप : हातांना कान.

दातवाली : हा फोटो बघा. मी अजून रडतेय

(फोटोत म्हातारीने एका माणसाचे दोन्ही हात धरून उंच केले आहेत. माणसाच्या गालावर पाणी.)

एक जण : काय क्षण. माफी मागताना आधार शोधतेय बिचारी

दुसरा : शेवटी म्हातारी पण देवासारखी निघाली

तिसरा : शेजारचा कोण? तोच ना येडा

गाडीमास्तर : जाऊ द्या, भावनेच्या भरात बोलला. तोंड कापून टाकू. हात छान आलेत.

गाडीमास्तर : नवीन शर्ट छापतोय. पुढे हा फोटो, नुसते हात. मागे 'मी चुकले'. ज्यांना पाहिजे त्यांनी माप टाका.

दातवाली : मध्यम

दुसरा : मोठा, दोन

एक जण : लहान मुलांचे आहेत का?

लिफ्टवाल्याने फोन पालथा ठेवला. मनगटावर आईच्या बोटांचे वळ अजून लाल होते. नखं त्यानेच कापली होती, म्हणून रक्त आलं नव्हतं. त्याने फोन सुलटा केला, ग्रुप सोडायचं बटण शोधलं, सापडलं, त्याच्या बाजूला काचेवर बोट आपटलं, परत आपटलं. आतून आई म्हणाली, "काय टकटकतोयस रे, एकदा काय ते कर."

तळमजला : मोठा. एक.